नव्या गावातल्या चर्चची माणसं: ओळख कशी करावी, कोणत्या कामासाठी कोणाकडे जावं

बदली होऊन भुसावळला, जळगावला किंवा नंदुरबारला आलेलं ख्रिस्ती कुटुंब महिन्याभरात चर्च शोधतं, रविवारी उपासनेला जाऊ लागतं, दारात पाळकांशी हात मिळवतं आणि ओळख झाली असं समजतं. मग एखाद्या दिवशी मुलीच्या लग्नासाठी पत्र लागतं किंवा घरात अचानक कोणी दगावतं. तेव्हा लक्षात येतं, की अख्ख्या चर्चमध्ये आपल्या ओळखीचा एकच माणूस आहे आणि तो सभेसाठी परगावी गेलाय. म्हणून ओळखी गरज पडायच्या आधी करून ठेवाव्यात, आणि पाळकांपुरत्या ठेवू नयेत. पाळकांची बदली होते. सचिव, खजिनदार आणि आवारात राहणारा राखणदार बहुधा वर्षानुवर्षं तिथेच असतात.

हे चर्च कोणाचं, ते आधी कळू द्या

खान्देशातली सगळी चर्चेस एका व्यवस्थेखाली नाहीत. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या पट्ट्यात अलायन्स मिशनच्या, म्हणजे ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या संस्थेच्या, कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या (चर्चच्या सभासदांचे समुदाय) आहेत. नंदुरबार-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने, म्हणजे पुढे ‘टीम’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने, काम केलं. कॅथलिक चर्चेस नाशिक धर्मप्रांतात येतात. हा धर्मप्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, बोलण्यातलं सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन स्थापन झालं. यांच्या जोडीला पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या गावोगाव आहेत.

याची चौकशी आधी करायचं कारण साधं आहे. पाळकांना कोण नेमतं आणि कोण बदलतं, यावर तिथली सगळी कामाची वाटणी ठरते. कॅथलिक आणि सीएनआय चर्चमध्ये नेमणूक व बदली बिशपांकडून होते. काही संघटनांमध्ये मध्यवर्ती समिती आणि स्थानिक पंच मिळून ठरवतात. स्वतंत्र मंडळीत पुष्कळदा ज्यांनी मंडळी सुरू केली तेच पाळक, तेच विश्वस्त आणि हिशेबही त्यांच्याच घरात. तिथे ‘सचिवांना भेटायचंय’ म्हटलं, तर समोरच्याला प्रश्न कळतही नाही.

माहिती मिळवायला फार खटपट लागत नाही. दारावरची पाटी वाचा. अर्पणाची किंवा वर्गणीची पावती हातात आली की तिच्यावर छापलेलं विश्वस्त संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक पाहा. चर्चची जागा आणि इमारत सहसा सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या नावावर असते, आणि महाराष्ट्रात अशा संस्थांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत तसा बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. विश्वस्त आणि पाळक या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, एवढं डोक्यात पक्कं असलं तरी पुढचे बरेच गैरसमज टळतात. आवारातली खोली भाड्याने हवी असेल, तर पाळकांनी ‘हो’ म्हणून चालत नाही.

कोणाकडे काय असतं

पाळकसाहेब, पास्टर, रेव्हरंड, कॅथलिक असाल तर फादर. सीएनआयमध्ये स्त्रियाही दीक्षित पाळक होतात, तेव्हा ‘पाळकसाहेबांच्या मिसेस का?’ असं विचारण्याआधी पाटीवरचं नाव नीट वाचा. उपदेश, प्रभुभोजन, बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी आणि घरगुती अडचणींत सल्ला ही पाळकांची कामं. पाण्याची मोटर बिघडली, पावती मिळाली नाही, स्पीकर खरखरतोय, हे त्यांना सांगितलं तर ते बिचारे ऐकून घेतात, पण काम शेवटी दुसऱ्याकडेच जातं.

सचिव सभांचं इतिवृत्त, पत्रव्यवहार आणि सभासदांची यादी सांभाळतात. खजिनदारांकडे वर्गणी, अर्पण, पावत्या आणि बँक. पंचांमध्ये वडील म्हणजे एल्डर आणि डीकन असतात. वडील मंडळीच्या आत्मिक देखरेखीत पाळकांना साथ देतात, डीकन मदतीची आणि व्यवस्थेची कामं बघतात. मोठ्या मंडळीत गावाचे भाग पाडून प्रत्येक भाग एकेका वडिलांकडे दिलेला असतो. तुमचा भाग कोणाकडे, हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्या. घरात आजारपण आलं की पहिला फोन त्यांना करायचा.

संडे स्कूलचे मुख्य शिक्षक, महिला मंडळाच्या अध्यक्षा, तरुण संघाचा सेक्रेटरी आणि गायनवृंदाचा प्रमुख यांना पगार नसतो, पण चर्चचं आठवडाभराचं काम याच लोकांच्या जिवावर चालतं. मुलं असतील तर संडे स्कूलच्या शिक्षकांना पहिल्याच रविवारी भेटा. मुलाचं वय, त्याला मराठी वाचता येतं का, काही खाल्ल्याने त्रास होतो का, घरी न्यायला कोण येणार, हे सगळं स्पष्ट सांगा. कोण सोबत नेणार हे ठरवून दिलेलं असलं की शिक्षकही निर्धास्त असतात.

आवारात राहणाऱ्या राखणदाराची ओळख लोक सगळ्यात शेवटी करतात, आणि ती सगळ्यात आधी करायला हवी. घंटा तोच वाजवतो, चाव्या त्याच्याकडे, दफनभूमीचं फाटक तो उघडतो, पाळक कोणत्या गाडीने परतणार हे त्याला ठाऊक. त्याला नावाने हाक मारावी, त्याच्या बायकोची-मुलांची विचारपूस करावी. ‘ए भाऊ, चावी आण’ म्हणणाऱ्याला चावी मिळतेच, पण अडल्या वेळी तोच माणूस रात्री अकराला धावून यावा असं वाटत असेल, तर वागणंही तसं हवं.

कॅथलिक धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, रचना थोडी वेगळी. प्रमुख धर्मगुरू, मोठं धर्मग्राम असेल तर सहायक धर्मगुरू, शाळा-वसतिगृह-दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर्स, आणि खेड्यांमध्ये धर्मशिक्षक म्हणजे कॅटेकिस्ट. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक मंडळ असणं कॅथलिक कायद्यानेच बंधनकारक आहे. सल्लागार मंडळ बिशपांनी ठरवलं असेल तिथे असतं. सिस्टर्स त्यांच्या स्वतःच्या संघाच्या असतात आणि त्यांच्या घराची एक सुपीरियर असते. सिस्टर्सच्या शाळेत प्रवेश हवा असेल तर मुख्याध्यापिकेला भेटायचं. फादरांकडून चिठ्ठी आणून दबाव टाकायचा प्रयत्न दोघांनाही अवघडवतो.

पहिला फोन, पहिला रविवार

जायच्या आधी गुरुवारी-शुक्रवारी फोन करून उपासनेची वेळ विचारा. मराठी उपासना कधी, हिंदी किंवा इंग्रजी कधी, हे शहरात वेगवेगळं असतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत वेळ बहुधा अर्धा-एक तास अलीकडे येते. भुसावळ-जळगावच्या उन्हात साडेअकराला पत्र्याखाली बसवत नाही. शनिवारी संध्याकाळी फोन टाळा, पाळक उपदेशाच्या तयारीत असतात. सोमवार पुष्कळ पाळकांचा सुट्टीचा दिवस. मंगळवार ते गुरुवार, संध्याकाळी पाच ते सात, ही बोलायला चांगली वेळ.

फोनवर चार गोष्टी सांगा: नाव, आधीचं गाव आणि मंडळी, इथे कुठे राहता, घरात कोण कोण. एवढं पुरे. आजारपण, कर्ज, सासरचं भांडण पहिल्या फोनवर काढू नका.

रविवारी पंधरा मिनिटं आधी पोहोचा. खेड्यातल्या मंडळीत चपला बाहेर काढून सतरंजीवर बसतात, पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या. शहरात बाकं असतात, पण मागच्या दोन ओळी लहान मुलांच्या आयांसाठी आपोआप राखलेल्या असतात. बायबल आणि गीतांचं पुस्तक घेऊन जा. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालेलं नसेल, तर प्रभुभोजनाच्या वेळी जागेवर बसून राहायला हरकत नाही, कोणी वाईट वाटून घेत नाही. कॅथलिक मिस्सामध्ये पवित्र भाकर फक्त कॅथलिकांना देतात, हे बरोबर आलेल्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. ख्रिस्ती नसलेले शेजारी, शाळेतले सहकारी, पत्रकार यांनाही उपासनेला बसता येतं. त्यांनी अर्पणाची थैली काही न टाकता पुढे सरकवली तरी चालतं.

नव्या लोकांना उभं करून ओळख करून देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तीन वाक्यांत बोला आणि बसा.

खरी भेट होते ती उपासनेनंतर. पाळक दारात उभे असतात आणि मागे पन्नास माणसं हात मिळवायला थांबलेली असतात. तिथे ‘जय ख्रिस्त’ म्हणून नाव सांगावं आणि विचारावं: “पाळकसाहेब, या आठवड्यात दहा मिनिटं भेटायचं होतं, कोणता दिवस सोयीचा?” रांग अडवून घरची कथा सांगत बसू नये. त्यानंतर अंगणात थांबा. चहाच्या पिंपाजवळ, सायकली लावतात त्या भिंतीजवळ, तिथेच खजिनदार पावत्या फाडत असतात आणि महिला मंडळाच्या बायका कोण आलं, कोण नाही आलं याची विचारपूस करत असतात. मोठ्या बाया आपसात अहिराणीत बोलत असतील. ‘काय चालू शे?’ एवढं ऐकून नुसतं हसलात तरी चार प्रश्न तुमच्याकडे येतात.

घरी बोलावणं

पाळकांची घरभेट हा त्यांच्या सेवेचाच भाग आहे, बोलवायला संकोच करू नका. नव्या घरात पाऊल ठेवल्यावर प्रार्थनेसाठी बोलावणं सगळ्यात सोपं. दिवस त्यांना ठरवू द्या. भेट अर्धा-पाऊण तास चालते: थोडी विचारपूस, एक वचन, प्रार्थना, चहा. टीव्ही बंद ठेवा. घरातली सगळी माणसं असतील अशी वेळ निवडा. एकट्या बाईच्या घरी पाळक सहसा कोणाला तरी सोबत घेऊन जातात, आणि तसं करणं योग्यच आहे.

जेवायला बोलावत असाल तर आधी विचारा. उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थान सणापर्यंत, पुष्कळ जण मांसाहार टाळतात, आणि कॅथलिक घरांत शुक्रवारही पाळतात. भरीत आणि कळण्याची भाकरी केली तर कोणालाच अडचण येत नाही, आणि बाहेरगावाहून आलेल्या पाळकांना ते विशेष आवडतं. पाळकांच्या पत्नीला आणि मुलांनाही बोलवा. त्या कुटुंबाला दर तीन-पाच वर्षांनी घर, शाळा, मैत्रिणी सगळं सोडून नव्या गावी जावं लागतं आणि त्यांना घरी बोलावणारे थोडेच असतात.

पाळकांना विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्यांनी स्वतःजवळ ठेवायची असते. कॅथलिक प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करताना, सांगितलेली गोष्ट तर कोणत्याही परिस्थितीत बाहेर काढता येत नाही. पण प्रार्थनेच्या विनंत्या उपासनेत मोठ्याने वाचतात. एखादी गोष्ट फक्त पाळकांपुरती असेल, तर तोंडाने स्पष्ट सांगा: “हे जाहीर प्रार्थनेत घेऊ नका.” न सांगितल्यामुळे आजाराचं नाव शंभर लोकांना कळलं असं घडतं, आणि त्यात कोणाचाच दुष्ट हेतू नसतो.

कागद

इथेच सगळ्यात जास्त खोळंबा होतो, म्हणून सविस्तर.

आधीच्या मंडळीतून सभासदत्व बदलीचं पत्र आणा. त्यावर पूर्ण नाव, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरण झालं असल्यास त्याची तारीख, वर्गणी कुठवर भरली आहे आणि पाळक किंवा सचिवांची सही-शिक्का हवा. पत्र नव्या पाळकांच्या हाती द्या, पण एक झेरॉक्स सचिवांकडे द्या, कारण यादीत नाव तेच चढवतात. यादीत नाव आल्याशिवाय वार्षिक सभेत मत देता येत नाही. दोन-तीन महिन्यांनी ‘नाव चढलं का?’ असं एकदा विचारा.

बाप्तिस्म्याचा दाखला ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथूनच मिळतो. मूळ रजिस्टर तिथे असतं. भुसावळचे पाळक अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) नोंदीचा दाखला देऊ शकत नाहीत, कितीही ओळख असली तरी. कॅथलिक लग्नासाठी दाखला नव्याने काढलेला, बहुधा सहा महिन्यांच्या आतला मागतात, कारण त्या मूळ रजिस्टरच्या समासातच लग्नाची नोंद होते आणि माणूस अविवाहित आहे की नाही हे त्यावरून कळतं.

लग्नासाठी १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू आहे. पाळकांकडे लेखी नोटीस द्यावी लागते, ती चर्चमध्ये लावली जाते. नोटीस मिळाल्यापासून चार दिवस उलटल्याशिवाय पाळक तिचं प्रमाणपत्र देत नाहीत, आणि प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांत लग्न झालं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पाळकांखेरीज किमान दोन साक्षीदार लागतात. विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत व्हावा लागतो. बिशपांच्या परवान्याने या वेळेबाहेर लग्न लावायची सोय काही चर्चनाच आहे. मे महिन्यातल्या लग्नात उन्हामुळे मुहूर्त संध्याकाळी सहाचा धरतात, वरात उशिरा येते आणि पाळक घड्याळाकडे बघत राहतात. पत्रिका छापण्याआधी वेळ त्यांच्याशी बोलून घ्या. कॅथलिकांमध्ये लग्नाची घोषणा सहसा तीन रविवारी होते, म्हणून फादरांना निदान तीन-चार महिने आधी भेटा. विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्रही ते मागतील.

स्वतंत्र मंडळीत लग्न लावायचं असेल, तर एक प्रश्न नम्रपणे पण विचारायलाच हवा: “पास्टर, तुमच्याकडे राज्य सरकारचा विवाह लावण्याचा परवाना आहे ना?” बिशपांकडून रीतसर दीक्षा न घेतलेल्या पाळकांना असा परवाना लागतो. तो नसेल तर पुढे पासपोर्ट, पेन्शन, वारसा यांत मुलीलाच त्रास होतो. ज्यांच्याकडे परवाना आहे, ते हसत दाखवतात.

दफनभूमी

मृत्यूनंतर पहिला फोन पाळकांना, दुसरा राखणदाराला, तिसरा आपल्या भागाच्या वडिलांना. खड्डा खणायला माणसं कोण आणतं, पेटी कुठे मिळते, हे आधीच माहीत हवं. लहान गावात तयार पेटी मिळत नाही, सुताराकडून बनवून घ्यावी लागते, आणि त्यात चार-पाच तास जातात. खड्डा खणायलाही तेवढेच. काळ्या मातीत पावसाळ्यात कडा ढासळतात आणि तळाला पाणी साचतं, म्हणून खणणं फार आधी उरकत नाहीत. उन्हाळ्यात शीतपेटी लागते; ती कोणाकडून भाड्याने आणायची हे महिला मंडळाच्या बायकांना किंवा तरुण संघाला ठाऊक असतं. कुटुंबाच्या जुन्या कबरीशेजारी जागा हवी असेल, तर दफनाचं रजिस्टर सचिवांकडे पाहायला मागा. मृत्यूची सरकारी नोंद नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत वेगळी करायची असते. चर्चच्या नोंदीने ते काम होत नाही.

नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडे

आदिवासी पट्ट्यात एक पाळक तीन-चार, कधी त्याहून जास्त गावं सांभाळतात. रविवारी सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या. तिथे रोजचा आधार म्हणजे गावातले वडील आणि कॅटेकिस्ट. पाळकांना शोधत मोटारसायकलवर फिरण्यापेक्षा त्यांना विचारा. उपासना मराठीत असली तरी गाणी आणि साक्ष (देवाचा आपला अनुभव सांगणं) मावची, पावरी, भिलोरी, कोकणीत होतात. बाजाराच्या दिवशी कोणी घरी नसतं, म्हणून भेट ठेवताना आधी बाजाराचा वार विचारा. दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला गेल्यामुळे अर्धं गाव रिकामं असतं. या काळात मंडळी लहान दिसली म्हणून निष्कर्ष काढू नये. चिंचपाड्यासारख्या ठिकाणी ख्रिस्ती रुग्णालयाची माणसंही मंडळीचा भाग असतात, आणि रुग्णासाठी प्रार्थना हवी असेल तर तिथे विचारणा करायला हरकत नसते.

हंगामाच्या उपकारस्तुतीचा सण चुकवू नका. लोक ज्वारीची कणसं, कापूस, केळीचा घड, कोंबडी, अंडी घेऊन येतात, ते वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. लिलाव पुकारणारे सहसा खजिनदार किंवा एखादे वडील. पाच केळ्यांची फणी तीनशेला जाते आणि घेणारा ती लगेच पाळकांच्या मुलांना देतो. एका दुपारी तिथे जेवढ्या ओळखी होतात, तेवढ्या सहा महिन्यांच्या रविवारांत होत नाहीत. नाताळच्या आधी घरोघरी गाणी गात फिरणारी मंडळीही अशीच. आपल्या घराचं नाव यादीत आहे का, हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तरुण संघाला विचारा.

पैसे

मासिक वर्गणी खजिनदारांकडेच द्या आणि पावती घ्या. मोबाइलवरून पाठवत असाल, तर पाठवण्याआधी पडद्यावर ट्रस्टचं नाव येतं का ते बघा. व्यक्तीचं नाव आलं तर थांबून खजिनदारांना विचारा. पाळकांना स्वतःसाठी काही द्यायचं असेल तर ते वेगळ्या पाकिटात, ‘हे तुमच्यासाठी’ असं सांगून. दोन्ही एकत्र दिलं की प्रामाणिक माणसावरही संशय येतो. हिशेबाबद्दल शंका असेल तर मार्चअखेरनंतरच्या वार्षिक सभेत लेखी प्रश्न द्या. चहाच्या पिंपाजवळ कुजबुज करून उत्तर मिळत नाही.

पाळकांची बदली झाली की

बदल्या बहुतेक उन्हाळ्यात, शाळा सुटल्यावर होतात. निरोप समारंभाच्या आधीच्या आठवड्यात अर्धवट राहिलेले कागद पूर्ण करून घ्या: बाप्तिस्मा झाला पण रजिस्टरमध्ये सही राहिली, लग्नाच्या दाखल्यावर शिक्का नाही, दृढीकरणाच्या वर्गाची हजेरी लिहिलेली नाही. गेलेल्या पाळकांची सही मागवायला पुढे महिने जातात. नवे पाळक आले की पहिल्या पंधरा दिवसांत सामान लागेपर्यंत डबा पाठवा आणि गॅस, दूध, मुलांची शाळा, दवाखाना यांची माहिती एका कागदावर लिहून द्या. तक्रारी आणि जुने वाद त्यांना निदान तीन महिने तरी सांगू नका.